चहाचा अर्क आणि आईंचा पाला

माझ्या पत्नीच्या यकृताला काही वर्षांपूर्वी जी इजा झाली, ती बहुधा माझ्यामुळे झाली होती, आणि तिचा ठपका मी तिच्या आईवर राहू दिला. हे एवढे वाक्य कागदावर यायला फार काळ गेला. मनात मात्र ते मी अनेकदा रचून पाहिले आहे. कधी त्यातला 'बहुधा' पुढे आणून ठेवला, कधी 'नकळत' असा आणखी एक शब्द जोडला. प्रत्येक वेळी वाक्य थोडे सुसह्य झाले आणि थोडे खोटेही. आता 'बहुधा' तेवढा ठेवला आहे, कारण तो खरा आहे. 'नकळत' काढून टाकला आहे.

आम्ही पनवेलला राहतो. इमारतीच्या मागच्या गॅलरीतून गाढी नदीकडचा भाग दिसतो. थंडीच्या दिवसांत सकाळी तिकडे धुके साचते, आणि ते उठेपर्यंत पलीकडचे डोंगर, नव्या इमारतींचे वरचे मजले, विमानतळाकडे उतरणारे एखादे विमान, हे सगळे दुधात बुडवून ठेवल्यासारखे अर्धेमुर्धे दिसत राहते. पहिला चहा मी तिथेच घेतो. बशीतल्या चहावरची वाफ जवळची की समोरचे धुके जवळचे, हे अर्धवट जागेपणी मला उमगत नाही. त्या वेळी गेलेली वर्षेही अशीच वाटतात. कुणी अजून आत स्वयंपाकघरात वावरते आहे, कुणाच्या हातातल्या पिशवीतून ओल्या मातीचा वास येतो आहे, आणि मला अजून काही बोलायचे राहिलेले नाही, असा एक गोड भास होतो. मग बशी रिकामी होते.

माझी बहुतेक नोकरी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत झाली. वनस्पतींचे अर्क काढणारा तो कारखाना होता आणि मी त्याच्या गुणवत्ता विभागात होतो. हळद, आवळा, अश्वगंधा असे बरेच काही तिथे येत असे. पण माझे मन रमायचे ते हिरव्या चहाच्या दिवसांत. पोती उघडली की सुक्या गवतासारखा, किंचित समुद्री असा वास सबंध आवारात पसरे. शेजारच्या कारखान्यांचे उग्र वास त्या दिवसांपुरते मागे सरत. पाने गरम पाण्यात मुरत, ते पाणी आटवले जाई, आणि शेवटी वाळवणाऱ्या मनोऱ्यातून ते तुषारांच्या रूपाने खाली येता येता भुकटी होई. मनोऱ्याच्या काचेच्या झरोक्यातून मी ते पाहत उभा राहायचो. फिकट, जवळजवळ रंगहीन असे काहीतरी सावकाश खाली बसत असे, जणू आतमध्ये एक वेगळाच ऋतू चालू होता. पोत्यांनी भरलेली गाडी आत जाई आणि तिचे सार थोड्याशा पिंपांत मावे. हे किती घट्ट झालेले आहे, हे मोजण्याचेच मला वेतन मिळत होते. म्हणून माझी चूक अडाण्याची म्हणता येत नाही.

चहाच्या पानात कॅफीन असते. त्याने आपण जागे होतो. थिअनीन असते, त्याने त्या जागेपणाला थोडी शांतता येते. आणि कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये असतात. आमचा कारखाना त्यांच्यासाठी चालत असे. आपल्या रोजच्या काळ्या चहाची पाने तयार करताना ती आंबवतात, तेव्हा या द्रव्यांचा बराचसा भाग रूप बदलतो. हिरव्या चहात तो तसाच राहतो. कॅटेचिनमुळे यकृतातली चरबी कमी होत असावी, सूज उतरत असावी, असे सांगणारे लेख मी आवडीने वाचत असे. त्यांतले काही आशेने भरलेले होते, काही सावध. सावध वाक्ये बहुधा लेखाच्या शेवटी असत, आणि तिथपर्यंत पोहोचण्याआधीच माझे मन मनोऱ्याच्या झरोक्यापाशी जाऊन उभे राहिलेले असे.

अशाच एका उन्हाळ्यात पत्नीचे पोट सारखे जड राहते म्हणून सोनोग्राफी केली. यकृतावर चरबी आहे, पण घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. चाला, गोड कमी करा, वजन थोडे उतरवा.

"एवढंच?" बाहेर आल्यावर पत्नी म्हणाली. "चरबी आहे हे सांगायला मशीन कशाला लागतं? ते तर तुम्ही लग्नाच्या दहाव्या वर्षापासून सांगताय."

मी कधी तसे बोललो नव्हतो. पण ती माझ्या मनातले बोलणेही माझ्या खात्यावर टाकते, आणि बहुधा ते बरोबर असते.

तिचे माहेर बेलपाड्याचे. भोवतालच्या शेतांवर खारघर उभे राहिले आणि गावठाण मध्ये राहिले. जुन्या घराच्या जागी तिच्या भावांनी तीन मजली इमारत बांधली. वरच्या खोल्यांत भाडेकरू, खाली सासूबाई. त्यांना मीही आईच म्हणतो. मी घाटावरून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबातला. आमच्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडे थोडी कुरकुर झाली. त्यांच्याकडची लवकर विरली; आमच्याकडची सभ्य होती, म्हणून टिकली. आमच्या घरी त्यांच्या बोलण्याचे, त्यांच्या औषधपाण्याचे हसून कौतुक केले जात असे. त्या कौतुकात काय होते हे मला फार नंतर कळले, आणि ते माझ्यातही होते हे त्याहून नंतर.

यकृताची बातमी कळताच आई रविवारी आल्या. पिशवीत परसातल्या गवती चहाच्या पातीची जुडी होती, आणि ओल्या फडक्यात मुळासकट गुंडाळलेला भुईआवळा.

"लिव्हरला चरबी म्हंजे काय गं? आत लोनी साठला काय?"

"तसंच समज."

"मंग हा पाला उकलून पी रोज सकालचा. कडू हाय. तोंड वाकडा करशील तर याद राख."

"थोडी साखर घातली तर?"

"साखर घाल जावयबापूंच्या च्यात. ते लय वाचतात, त्यांना लागल."

आम्ही तिघेही हसलो. आईंनी स्वतः भांडे चढवले, काढा उकळला आणि तिच्यापुढे उभे राहून तिला तो प्यायला लावला. तो कडू घोट घेताना पत्नीचा चेहरा लहान मुलीसारखा झाला, आणि आईंच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते पाहून मला काहीतरी टोचले. आज मी त्याला मत्सर म्हणतो. तेव्हा मी त्याला शास्त्रीय दृष्टी म्हणत होतो. या घरात पाल्याचा अर्क काढणे हा ज्याचा व्यवसाय आहे तो माणूस बाजूला बसला आहे, आणि औषध मात्र परसातून आले आहे, असे काहीसे मला वाटले.

पुढच्या आठवड्यात मी हिरव्या चहाच्या पुड्या आणल्या. तिने एक घोट घेतला.

"अहो, हे म्हणजे मेथी उकडून भाजी फेकलीय आणि पाणी ठेवलंय."

"सवय होईल."

"आईचा काढा कडू, तुमचा चहा तुरट. माझं लिव्हर सुधारेल, पण मी पळून जाईन."

कप तसाच राहिला. मग मी कारखान्यातून एक बाटली आणली. हिरव्या चहाच्या घट्ट अर्काच्या कॅप्सूल आम्ही परदेशी ग्राहकासाठी भरत होतो. तपासणी झालेल्या नमुन्यांतली ती एक पांढरी बाटली होती, तिच्यावर लेबल नव्हते.

"हे काय?"

"व्हिटॅमिन. कंपनीतून मिळालंय."

"फुकट? मग घेते."

इतक्या सहज ते झाले. खरे सांगितले असते तर तिने कदाचित थट्टा करत घेतल्याही असत्या. पण मला ती थट्टा नको होती. माझ्या मनात एक चित्र तयार होते. काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी होईल, चरबी उतरलेली दिसेल, आई पाल्याचे श्रेय घेतील, आणि मग मी अगदी सौम्यपणे, कुणाला न दुखवता, त्या पांढऱ्या बाटलीची गोष्ट सांगेन. गॅलरीत बसून मी तो प्रसंग इतक्या वेळा पाहिला की तो घडून गेल्यासारखा वाटू लागला. त्या चित्रात सगळे माझ्याकडे पाहून हसत असत. पत्नीचे यकृत त्यात कुठेही नव्हते.

श्रावण आला. त्या वर्षी तिने महिनाभर एकवेळ जेवण्याचे व्रत धरले. आईंच्या काढ्याने उपाशीपोटी मळमळते म्हणून तिने तो बंद ठेवला, आणि आईला सांगू नका, ती रुसेल, असे मला बजावले. कॅप्सूल मात्र चालू राहिली. आमच्याकडे सगळ्यांचाच हा समज आहे की गोळीने उपास मोडत नाही. साबुदाणा चालतो की नाही, वरई चालते की नाही, यावर घरोघर वाद होतात. गोळी मात्र अन्नात धरली जात नाही. सकाळी देवापुढे दिवा लावून ती रिकाम्या पोटी पाण्याबरोबर कॅप्सूल घेत असे, आणि समईच्या उजेडात ते दृश्य मला प्रसन्न वाटत असे. हे लिहिताना थांबावेसे वाटते, पण ते तसेच होते. मला प्रसन्न वाटत असे.

श्रावण सरता सरता ती थकू लागली. उपासामुळे असेल म्हणून आम्ही दोघांनीही लक्ष दिले नाही. मग अन्नाचा वास नको झाला. अंगाला खाज सुटली. ती झोपेतही हात खाजवत राहायची. एका दुपारी गॅलरीत ती कपडे वाळत घालत होती. ओला पांढरा पंचा झटकून तिने दोरीवर टाकला आणि काहीतरी विचारायला माझ्याकडे वळली. त्या पंच्याशेजारी तिचे डोळे आले, आणि त्यांतले पांढरे पांढरे नव्हते. ते कोवळ्या हळदीच्या पाण्यासारखे होते. ती काय विचारत होती ते मला आठवत नाही.

रक्ताच्या तपासण्यांत यकृताचे आकडे फार चढलेले निघाले. कावीळ पसरवणारे विषाणू शोधले. ते सापडले नाहीत. मग यकृताच्या तज्ज्ञ डॉक्टर बाईंनी आम्हांला समोर बसवले.

"दारू?"

"छे," पत्नी म्हणाली. "हे सुद्धा घेत नाहीत. आमच्या घरी चहाचंच व्यसन."

"साध्या चहाची भीती नाही. औषधं कोणती चालू आहेत?"

"औषध नाही. आई भुईआवळ्याचा काढा देते. पण श्रावणात घेतला नाही."

"आधी किती दिवस घेत होतात?"

"उन्हाळ्यापासून."

डॉक्टर बाईंनी मान हलवली. "पाल्याचं काही सांगता येत नाही. त्यात काय मिसळलंय, कुठून आणलंय. परिणाम कधी कधी उशिरा दिसतात. आणखी काही? गोळ्या, पावडरी?"

"व्हिटॅमिन फक्त. यांच्या कंपनीतून मिळतं," असे म्हणून पत्नीने माझ्याकडे पाहिले.

डॉक्टर बाईंनीही पाहिले. खोलीतला पंखा फिरत होता. टेबलावर काचेखाली यकृताचे एक गुळगुळीत, तपकिरी चित्र होते आणि त्यावर पंख्याची सावली पुन्हा पुन्हा येऊन जात होती. त्या सावलीकडे पाहत असताना मला वेळ थांबल्यासारखा वाटला. बोलायला भरपूर जागा आहे, घाई नाही, असा एक विचित्र निवांतपणा मनात पसरला.

"साधंच आहे," मी म्हणालो.

"तेही बंद ठेवा. सगळंच बंद. काढा, गोळ्या, सगळं."

आणि माझी सुटका झाली. सगळेच बंद करायला सांगितले आहे, म्हणजे उपचारासाठी माझ्या कबुलीची गरज उरली नाही, असे मी स्वतःला समजावले. जिना उतरेपर्यंत ते मला पटलेही होते. दुसऱ्या दिवशी मी बाटली डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेली आणि टाकाऊ मालाच्या पिंपात रिकामी केली.

हळूहळू ती बरी होऊ लागली. आकडे उतरले, खाज थांबली. त्या दिवसांत आई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. एका संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "जावयबापू, एक बोलू का? आमच्याकरं एक बाई हाय, कावील उतरवते. चुन्याच्या पान्यान हात धुते. पानी पिवला होऊन जातो. नेऊ का हिला?"

मी थकलो होतो. पण थकव्याने माणूस जे बोलतो ते मी बोललो नाही. मी अतिशय शांतपणे बोललो.

"आई, आता पुरे. तुमच्या पाल्यानंच हे झालंय, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे."

डॉक्टरांनी असे म्हटले नव्हते. काही सांगता येत नाही, एवढेच त्यांचे शब्द होते. शिवाय श्रावणभर काढा घेतलाच गेला नव्हता, हे मला माहीत होते आणि आईंना नव्हते.

"असा काय," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी आपली पिशवी भरली, आणि सकाळी मुलाला बोलावून घेऊन त्या बेलपाड्याला गेल्या.

"तिला काय कळतंय," पत्नी नंतर म्हणाली. "प्रेमानं दिलं तिनं. तुम्ही बोललात ते चुकीचं नाही, पण जरा जपून बोलायचंत."

मी जपूनच बोललो होतो.

पुढे कधीतरी कारखान्यात त्याच कॅप्सूलच्या नव्या लेबलाचा मजकूर माझ्या टेबलावर तपासणीसाठी आला. ग्राहकाने त्यात भर घातली होती. रिकाम्या पोटी घेऊ नये. यकृताचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मी अक्षरे तपासली, खाली सही केली आणि मजकूर छपाईला गेला. त्यानंतर मात्र ते सावध लेख मी शेवटापर्यंत वाचले. कपातून येणारा चहा थोडा थोडा, अन्नासोबत, पाण्यात विरघळून येतो, आणि बहुतेकांचे यकृत त्याच्याशी सहज जुळवून घेते. कदाचित त्याचा काही लाभही होत असेल. पण तीच द्रव्ये घट्ट करून, एका दमात, उपाशी पोटात गेली की रक्तात फार जास्त उतरतात, आणि काही माणसांचे यकृत ती सोसू शकत नाही. ती माणसे कोणती, हे आधी ओळखता येत नाही. मी ज्या मनोऱ्यासमोर स्वप्न पाहत उभा राहायचो, त्याच्या आत हेच तर तयार होत होते. मोजण्याचे काम करणाऱ्या माणसाने घरी आल्यावर मोजणे सोडून दिले होते.

तरीही मी बोललो नाही. आता बोलून काय मिळणार, ती बरी आहे, जुने उकरून कशाला काढायचे, असे दिवस गेले. दिवसांची वर्षे झाली. आई येत, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येत नसत. रिकाम्या हाताने कसे यायचे म्हणून दुकानातून बिस्किटांचे पुडे आणत आणि टेबलावर ठेवताना म्हणत, "पाकीट बंद हाय. बघून घ्या." पत्नी हसायची. मला वाटे की त्या टोमणा मारताहेत. टोमणा असता तर बरे झाले असते, कारण टोमण्यात माणूस अजून भांडत असतो.

या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही दोघे बेलपाड्याला गेलो. आई आता थकल्या आहेत. ऐकूही कमी येते. मुलांनी आणलेले कानाचे यंत्र शिट्ट्या मारते म्हणून त्यांनी कपाटात टाकले आहे. आम्ही बसलो, आणि त्या कोपऱ्यातला थर्मास उचलून चपला शोधू लागल्या.

"कुठे निघालीस?" पत्नीने जवळ जाऊन विचारले.

"च्या आनते टपरीवरून."

"घरात गॅस आहे, दूध आहे, आणि टपरीवर? त्या गर्दीतून?"

"तो चांगला बनवतो."

"तू नाही बनवत चांगला?"

आईंनी चपलेत पाय घातला. पत्नीने त्यांच्या हातातून थर्मास घेतला. "आई, मी विचारतेय."

"मी नाय देत कोनाला माज्या हातचा," त्या अखेर म्हणाल्या. रागाने नाही; घरातला एखादा नियम सांगावा तसे. "वरच्या भाडेकरनी येतात, त्यांना पन नाय देत. एकदा झाला तो बास झाला. सोताच्या पोरीला मारायला निघालेली मी. पोरगी वाचली, आनखी काय पायजे?"

"अगं, तेव्हाचं अजून धरून बसलीस?"

"धरून नाय बसले. ठाव हाय म्हनून बोलते."

बाहेर रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, वरच्या मजल्यावर कुणी बादली ओढत होते. हे सगळे आवाज मला पाण्याखालून यावेत तसे येत होते. इतकी वर्षे मी समजत होतो की माझ्या गप्प बसण्याने फक्त माझे मन जड झाले आहे. ही बाई रोज सकाळी उठून, आपण मुलीला विष पाजले असे मानून, स्वतःपुरताच चहा करत होती. ते ओझे उतरवायला तिच्याकडे वर्षे फार उरली नव्हती.

"तो काढ्याचा दोष नव्हता," मी म्हणालो. "मी हिला चहाच्या अर्काच्या कॅप्सूल देत होतो."

माझा आवाज माझ्या नेहमीच्या आवाजाहूनही खाली गेला होता. आईंना तो पोहोचला नाही. पत्नीला पोहोचला.

"व्हिटॅमिन म्हणाला होतात," ती म्हणाली.

"हो."

"डॉक्टरांसमोर बसलो होतो आपण. मी तुमच्याकडे पाहिलं होतं."

"हो."

"काय बोलतात ते?" आईंनी विचारले. त्या आळीपाळीने आमच्या तोंडाकडे पाहत होत्या. "भांडता काय तुमी?"

पत्नीने थर्मास खाली ठेवला. तिने माझ्याकडे पाहिले नाही. "मी नाही सांगणार," ती म्हणाली. "माझं तुमच्याशी नंतर. आधी तिला सांगा. तिला ऐकू जाईल असं सांगा."

मी उठून आईंच्या समोर जमिनीवर बसलो. त्यांना ते विचित्र वाटले. जावयाने खाली बसू नये म्हणून त्या खुर्ची पुढे ओढू लागल्या. मी त्यांचा हात धरून थांबवला. आयुष्यात मी फार थोड्या वेळा मोठ्याने बोललो आहे, आणि एखादे वाक्य मोठ्याने बोलताना त्यातला 'बहुधा' कुठे ठेवायचा हे मला सुचेना. वरच्या मजल्यावरची बादली थांबली होती. दार उघडेच होते. मी बोललो ते जिन्यापर्यंत ऐकू गेले असेल.

"आई, हिला कावीळ झाली तेव्हा मी हिला कारखान्यातल्या गोळ्या देत होतो. चहाचा घट्ट अर्क. व्हिटॅमिन आहे असं खोटं सांगून. श्रावणात हिनं तुमचा काढा घेतलाच नव्हता, आणि ते मला माहीत होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. तुमच्या पाल्यानं झालं असं डॉक्टर म्हणाले नव्हते. ते मी म्हणालो होतो. तुम्ही पोरीचं वाईट केलं नाही, आई. मी केलं, आणि तुमच्यावर ढकललं. इतकी वर्षं तुम्हांला तसंच राहू दिलं. माझं चुकलं. मला माफ करा."